दैनंदिन वचन : धीर आणि दिलासा

धार्मिक वाङ्मयाकडे वळली की आपली समीक्षा बहुधा मोठ्या ग्रंथांपाशी थांबते. ज्ञानेश्वरी, गाथा, बायबल, कुराण यांच्याविषयी ती बोलते; त्या ग्रंथांतून वेचलेल्या एकेका वाक्यावर माणसे दररोज कशी जगतात, ह्याकडे तिचे फारसे लक्ष जात नाही. तरीही ग्रंथाशी सामान्य वाचकाचे जे खरे नाते असते ते पुष्कळदा अशा वेच्यांमधूनच जुळलेले असते. सबंध बायबल आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेला ख्रिस्ती मनुष्य विरळा. परंतु सकाळी एक वचन वाचून दिवसाला सामोरा जाणारा मनुष्य प्रत्येक ख्रिस्ती वस्तीत भेटेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, खिशात मावणाऱ्या पुस्तिकेत आणि आता हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावरही तारखेबरोबर एक वचन येते व त्याखाली चार ओळींचे मनन असते. प्रस्तुत लेखात ह्या प्रथेचा विचार एक वाङ्मयप्रकार म्हणून करावयाचा आहे. श्रद्धेचा न्याय करणे हे समीक्षेचे काम नव्हे; परंतु एखादे वाक्य आपल्या जागेवरून उचलले म्हणजे त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न मात्र निश्चितपणे समीक्षेचा आहे.

मराठीत ‘धीर’ आणि ‘दिलासा’ हे दोन शब्द आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. धीर दिला जातो तसा तो धरावाही लागतो. दिलासा केवळ दिला जातो आणि घेतला जातो. धीर परिस्थितीचे कठीण रूप मान्य करूनच उभा राहतो. दिलासा ते रूप थोडा वेळ दृष्टीआड करतो. दैनंदिन वचनाचे वाङ्मय ह्या दोहोंपैकी काय देते, ह्यावरच त्याचे मोल ठरते, असे मला वाटते.

१

एक वाक्य सुटे काढता येण्यासाठी आधी ग्रंथाची तशी विभागणी व्हावी लागते. बायबलच्या मूळ लेखकांनी आपल्या लेखनाला अध्यायांचे वा वचनांचे क्रमांक दिलेले नव्हते. हिब्रू ग्रंथांत वाक्यखंडांच्या पाठाची परंपरा जुनी आहे. परंतु आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टनला देतात. नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक रॉबेर एस्त्येन ह्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत दिले. पुढे १५६० च्या जिनीव्हा बायबलमध्ये आणि १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरात प्रत्येक वचन स्वतंत्र परिच्छेदासारखे नव्या ओळीवर छापले गेले. मुद्रकाची ही सोय वाचकाच्या मनाची घडण बदलणारी ठरली. जो मजकूर पत्र म्हणून किंवा कथा म्हणून सलग वाचावयाचा होता तो सुभाषितांच्या संग्रहासारखा डोळ्यांपुढे येऊ लागला.

ह्यातील धोका जॉन लॉकने ओळखला होता. पौलाच्या पत्रांवर लिहिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध ह्या दृष्टीने मननीय आहे. पत्रांचे असे तुकडे पाडल्यामुळे सामान्य वाचक प्रत्येक तुकड्याला स्वयंपूर्ण सूत्र समजतो आणि विद्वानांच्याही हातून युक्तिवादाचा धागा निसटतो, अशी त्याची तक्रार होती. पौलाची पत्रे हा युक्तिवाद आहे. त्यातील एक वाक्य पुढच्या वाक्याच्या आधाराने उभे असते. लॉकचे म्हणणे पत्रांपुरते निर्विवाद आहे.

परंतु बायबल हा एका जातीचा ग्रंथ नाही. स्तोत्रसंहितेत आणि नीतिसूत्रांत वाक्याची घडणच वेगळी आहे. हिब्रू काव्यात एक चरण म्हणतो तेच दुसरा चरण थोडे वळवून, वाढवून किंवा उलट बाजूने म्हणतो. ह्या समांतरतेचे विवेचन रॉबर्ट लाउथने १७५३ मध्ये केल्यापासून ती त्या काव्याची ओळख मानली गेली आहे. असे वचन पुष्कळ अंशी आपल्या पायांवर उभे राहते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावयास नको. ओवी ही ज्ञानदेवांच्या युक्तिवादाचा दुवाही असते आणि दृष्टान्ताचे सुटे रत्नही असते. मराठी ख्रिस्ती समाजात बायबलच्या वाक्यखंडाला ‘वचन’ म्हणतात तसेच कित्येकदा ‘ओवी’ही म्हणतात, गद्याच्या तुकड्यालाही ओवी म्हणावे, ह्यात आपल्या भाषेने नकळत एक वाचनपद्धती सुचविली आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांपैकी एखादी तरी प्रत्ययास आणावी, असा जो उपदेश वारकरी परंपरा करते त्यातला भर ‘एखादी’वर जितका आहे त्याहून अधिक ‘प्रत्यया’वर आहे. तेव्हा वेचा घेणे हाच दोष, असे म्हणता येत नाही. कोणत्या जागेचा वेचा घेतला आणि तो घेताना काय मागे सोडले, हे पाहावे लागते.

२

ह्या प्रथेचे सर्वांत जुने आणि अखंड चालत आलेले उदाहरण जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या हेर्नहूट ह्या गावचे आहे. मोराव्हियातून छळामुळे निघालेल्या निर्वासितांना १७२२ पासून काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ ह्याने आपल्या जहागिरीत आश्रय दिला आणि त्यांतून हे गाव वसले. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी गायनसभेत झिंझेंडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी एक वाक्य दिले आणि तेव्हापासून रोज एक वाक्य घरोघर जाऊन सांगण्याचा परिपाठ पडला. पहिले वाक्य बायबलमधले नव्हते, ते एका गीतातले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १७३१ सालासाठी ह्या वचनांची पहिली छापील पुस्तिका निघाली आणि तेव्हापासून आजतागायत ती दरवर्षी निघत आली आहे. अनेक भाषांत ती वाचली जाते. हेर्नहूटची वसाहत २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. परंतु तेथील इमारतींपेक्षा ही लहानशी पुस्तिकाच त्या गावाचा अधिक टिकाऊ वारसा म्हणावी लागेल.

ह्या वचनांना ‘लोझुंगेन’ म्हणतात. ‘लोझुंग’ ह्या जर्मन शब्दाला आपला ‘परवलीचा शब्द’ नेमका जुळतो. पहारेकऱ्याला रात्री ओळख पटविण्यासाठी दिलेला शब्द गोड असण्याची आवश्यकता नसते. तो आपल्या बाजूचा असला म्हणजे पुरे. दैनंदिन वचनाची ही मूळ कल्पना औषधाच्या मात्रेपेक्षा पुष्कळ वेगळी होती. दिवस हा पहारा आहे आणि सर्वांनी एकच शब्द घेऊन त्यावर उभे राहावयाचे आहे, असा तिचा भाव होता. शब्द एकट्याचा नव्हता. सबंध वस्तीचा होता.

निवडीची पद्धत तर अधिकच विचारणीय आहे. जुन्या करारातील सुमारे अठराशे वचनांच्या संचातून प्रत्येक दिवसासाठी एक वचन चिठ्ठी टाकून काढले जाते. नव्या करारातील जोडवचन मात्र त्याला अनुरूप असे संपादक विचारपूर्वक निवडतो. म्हणजे अर्धे काम दैवाकडे आणि अर्धे विवेकाकडे. आधुनिक वाचकाला चिठ्ठीची कल्पना पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु वाङ्मयीन दृष्टीने तिचा एक मोठा गुण आहे: वाचकाला आज काय आवडेल हे ती विचारत नाही. संपादकाने केवळ प्रसन्न वचने वेचावयाची ठरविली तर वर्षाचे ३६५ दिवस सारखेच उजळ होतात आणि म्हणून सारखेच फिके होतात. चिठ्ठी इशाराही आणते, आज्ञाही आणते आणि वाचकाच्या मनःस्थितीशी मुळीच न जुळणारे वाक्यही आणते. अर्थात ह्या निःपक्षपातालाही मर्यादा आहे. इंग्रजी बायबलच्या गणनेप्रमाणे जुन्या करारात तेवीस हजारांहून अधिक वचने आहेत. त्यांतली अठराशे कोणी तरी आधी वेचलेलीच असतात. दैवाला वाव मिळतो तो विवेकाने आखलेल्या कुंपणाच्या आत.

३

हे कुंपण जसजसे आवळत जाते तसतसा धीराचा दिलासा होत जातो. एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज धर्मोपदेशक चार्ल्स हॅडन स्पर्जन ह्याची पुस्तके ह्या संक्रमणाची साक्ष देतात. सकाळच्या मननांचे त्याचे पुस्तक १८६५ मध्ये आणि संध्याकाळचे १८६८ मध्ये निघाले. त्यांतील गद्य बळकट आहे. एका वचनाभोवती दृष्टान्त, प्रश्न आणि आत्मपरीक्षण यांची वीण घालण्याची त्याची हातोटी ह्या प्रकारातील उत्तम लेखनाचा नमुना मानावी लागेल. परंतु १८८८ मधल्या त्याच्या दुसऱ्या एका दैनंदिन पुस्तकाचे नावच श्रद्धेच्या पेढीचे धनादेश-पुस्तक असे आहे. ईश्वराचे अभिवचन हा धनादेश. भक्ताने त्यावर श्रद्धेची सही करावी आणि पेढीवर जाऊन तो वटवावा, अशी ती कल्पना. स्पर्जनने हे पुस्तक वादाच्या ऐन भरात लिहिले आणि त्यातील आश्वासने त्याने आधी स्वतःसाठी शोधली होती, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरी रूपकाचा परिणाम लेखकाच्या हेतूवर अवलंबून राहत नाही. धनादेशाला संदर्भ नसतो. तो कोणी, कोणत्या प्रसंगी लिहिला ह्याची पेढीला पर्वा नसते. त्यावरील रक्कम तेवढी महत्त्वाची. वचनाकडे ह्या दृष्टीने पाहिले की ते कोणाला उद्देशून, कोणत्या दुःखातून उच्चारले गेले हा प्रश्नच उरत नाही.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन. भेटपत्रांवर आणि दिनदर्शिकांवर इतके आढळणारे वचन क्वचितच दुसरे असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प अनिष्टाचे नसून कल्याणाचे आहेत आणि ते तुम्हांस भवितव्य व आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेला बसणारा विद्यार्थी, नोकरी गेलेला गृहस्थ, नवविवाहित जोडपे असे सर्वच ते आपल्याला उद्देशून आहे असे समजतात. आता हे वाक्य जेथे आहे ती जागा पाहू. ते एका पत्रात आहे. यरुशलेमहून यिर्मयाने बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना ते पाठविले आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे तो त्यांना सांगतो. कारण परत येण्यास सत्तर वर्षे लागणार आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती. ज्या भवितव्याचे आश्वासन आहे ते त्यांच्या नातवंडांचे होते.

आणि ह्याहूनही मर्मभेदक गोष्ट आधीच्या अध्यायात आहे. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सारे परत येईल. आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू तो सर्वांसमक्ष मोडतो. लोकांना काय ऐकावयाचे आहे हे हनन्याला अचूक ठाऊक होते. यिर्मयाचे पत्र ह्या गोड भविष्याच्या विरोधात लिहिलेले आहे. तेव्हा अकरावे वचन दहाव्यापासून तोडून, सत्तर वर्षे वगळून, आजच्या सकाळपुरते वाचले म्हणजे एक विलक्षण उलटापालट होते: वाक्य यिर्मयाचे राहते आणि अर्थ हनन्याचा होतो. खोट्या दिलाशाचा निषेध करण्यासाठी लिहिलेला धीर त्याच दिलाशाचे साधन बनतो.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनाचेही असेच झाले आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, हा त्याचा आशय आज खेळाडूंच्या विजयघोषणेसारखा वापरला जातो. बंदिवासातून लिहिणारा पौल त्याआधीच्या वाक्यात भुकेचा आणि विपुलतेचा, दोन्हींचा अनुभव सांगतो. दोन्ही अवस्थांत समाधानी राहण्यास तो शिकला आहे. त्याचे ‘सर्व काही’ म्हणजे जिंकणे नव्हे. त्यात उपाशी राहणेही येते.

४

ह्यावर श्रद्धावंत वाचक एक उत्तर देईल आणि ते हलके समजण्यासारखे नाही. तो म्हणेल: संदर्भ विद्वानांसाठी आहे, परंतु ज्याची मुलगी रुग्णालयात आहे त्याच्यासमोर आज सकाळी हे वाक्य आले आणि त्याचा हात धरून ते उभे राहिले, ह्या अनुभवाचे तुम्ही काय करणार? वाक्याला मूळ जागेवरून उठून माणसाजवळ येण्याचा अधिकारच नाही काय? ग्रंथांचा इतिहास ह्या वाचकाच्या बाजूनेही बोलतो. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ऑगस्टीनने पौलाचे पुस्तक उघडले, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पहिलाच दिसलेला उतारा वाचला आणि त्याचे आयुष्य वळले. मात्र त्याच ऑगस्टीनने पुढे शुभवर्तमानाची पाने उघडून व्यवहाराचे कौल घेण्याच्या चालीविषयी नापसंती दाखविली आहे. एकाच माणसाने एका वाक्याची शक्ती अनुभवली आणि तिचा दुरुपयोगही ओळखला.

विसाव्या शतकात हाच प्रश्न डीट्रिख बॉनहोफर ह्या जर्मन धर्मपंडिताने अधिक तीव्रतेने भोगला. १९३९ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होता. जर्मनीत युद्धाची छाया पडली होती. दुसऱ्या तीमथ्याच्या शेवटी पौल आपल्या तरुण सोबत्याला हिवाळ्यापूर्वी ये असे कळवितो. पत्रातला हा निव्वळ घरगुती निरोप, त्यात सिद्धान्त नाही की अभिवचन नाही. बॉनहोफरच्या डोळ्यांपुढे तो सहज आला आणि दिवसभर त्याचा पाठलाग करीत राहिला. हा निरोप आपल्यालाच आहे असे मानणे म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग नव्हे काय, हा प्रश्न त्याने आपल्या रोजनिशीत स्वतःच उपस्थित केला आणि तो दुरुपयोग नाही असा निर्वाळाही दिला. परंतु तसे करण्याची कृपा लाभली तर, अशी अट घालून. जुलैमध्ये तो परत गेला. पुढे तो कैदेत पडला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरविरुद्धचा कट फसला. त्या कटवाल्यांशी त्याचा संबंध होता. दुसऱ्या दिवशी त्याने बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला पत्र लिहिले. त्यात हेर्नहूटच्या पुस्तिकेतील कालच्या आणि आजच्या वचनांनी आनंद दिल्याचे तो नमूद करतो. त्या दिवसाचे वचन होते तेविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे, मेंढपाळाचे. जर्मन भाषेत ह्याहून परिचित वचन शोधून सापडले नसते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्याला फाशी देण्यात आले.

यिर्मयाच्या वचनाचा भेटपत्रावरील वापर आणि बॉनहोफरने केलेला पौलाच्या निरोपाचा वापर, ह्या दोहोंत संदर्भ सुटलाच आहे. किंबहुना दुसऱ्यात तो अधिक सुटला आहे. मग भेद कोठे? माझ्या मते तो दिशेचा आहे. भेटपत्रावरचे वचन वाचकाला जेथे आहे तेथेच सुखरूप असल्याचे सांगते. हिवाळ्यापूर्वी ये हे वाक्य वाचकाला सुरक्षित जागेवरून उठविते आणि त्याच्यावर जबाबदारी टाकते. शिवाय त्या वाचकाने आपल्या वाचनाविषयी शंका घेतली. सबंध ग्रंथ ज्याच्या मनात आहे त्यालाच अशी शंका येते. पौल तुरुंगात एकाकी आहे, त्याला सोबती हवा आहे, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच त्या क्षुल्लक निरोपातली हाक त्याला ऐकू आली. संदर्भ पानावर नसला तरी वाचकात होता.

ह्याच न्यायाचे सूत्र बायबलमध्येच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सांगतो. आधारासाठी तो एक वचन म्हणून दाखवितो, आणि तेही एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातले, देवदूत हातांवर झेलतील असे सांगणारे. अत्यंत धीर देणारे हे वचन भलत्या जागी लावले आहे. येशू त्याला शब्दप्रामाण्याच्या नावाने हाणून पाडत नाही. असेही लिहिले आहे, असे म्हणून अनुवाद ह्या ग्रंथातील दुसरे वचन पुढे ठेवतो. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाने तोलावयाचा, ही बायबलने स्वतःच शिकविलेली समीक्षा आहे. हेर्नहूटच्या संपादकाचे जोडवचन हे ह्याच सूत्राचे नम्र रूप म्हणता येईल.

५

तेव्हा दैनंदिन वचनांच्या कोणत्याही संग्रहाला एक साधी कसोटी लावता येईल. त्यात विलाप आहे काय? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात अखेरपर्यंत उजेड येत नाही; मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार हा आहे. ज्या संग्रहातून असे स्तोत्र वर्षभरात एकदाही डोकावत नाही तो ग्रंथाचा प्रतिनिधी राहिलेला नाही. आणि तो वाचकाचाही प्रतिनिधी नाही. कारण वर्षभरात ज्याच्या घरी एकही काळी सकाळ उगवली नाही असा वाचक नसतो. रोज केवळ आश्वासन वाचणाऱ्या शोकग्रस्ताला शेवटी आपलीच श्रद्धा उणी पडली असे वाटू लागते. दिलाशाची खरी क्रूरता ही आहे.

रोज सकाळी देवाची दया नवी होते, हे विलापगीतातले वचन ह्या सर्व प्रथेचे जणू बोधवाक्य आहे. परंतु ते वचन आहे कोठे? नगर उद्ध्वस्त झाले आहे, मुले उपाशी मेली आहेत, अशा पाच शोकगीतांच्या मधोमध, तिसऱ्या गीताच्या सहासष्ट वचनांमध्ये ते येते. त्यानंतर पुन्हा विलाप सुरू होतो आणि पुस्तकाची समाप्ती देवाने आपल्याला टाकले तर नाही ना ह्या शंकेवर होते. हा भोवताल काढून टाकला तर सकाळ उरते. परंतु ती ज्या रात्रीनंतर उगवली ती रात्र नाहीशी होते.

भारतातील अनुभवही हेच सुचवितो. हेर्नहूटची माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहौल आणि लडाखमध्ये आली. रोज एका वचनावर जगणाऱ्या ह्या मंडळींनी तिबेटी भाषेत सुट्या वचनांवर समाधान मानले नाही. त्यांच्यातील हाइनरिख आउगुस्ट येश्के ह्याने नव्या कराराचे तिबेटी भाषांतर हाती घेतले आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावला सबंध बायबल हिब्रू-ग्रीकमधून साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांना ज्याने प्रथम खिळवून ठेवले ते एखादे सुटे वचन नव्हते. ते डोंगरावरील प्रवचन होते. विनोबांनी ख्रिस्तधर्मसार सिद्ध केले तेव्हा वेच्यांना क्रम दिला तो विचाराचा, तारखेचा नव्हे. ज्यांनी वचनाला गंभीरपणे घेतले ते सर्व कोणत्या ना कोणत्या वाटेने समग्राकडे गेले.

ह्याचा अर्थ रोजचे वचन टाकून द्यावे असा नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या लोकांना मान्ना रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठविला तर त्यात किडे पडत. रोजच्यापुरते रोज, ही शिस्त ग्रंथाच्या स्वभावातच आहे, आणि माणसाच्या मनालाही ती मानवते. मोठ्या ग्रंथाचे ओझे रोज सकाळी कोणालाच पेलत नाही. परंतु मान्ना खाणारे लोक वाटेवर होते हे विसरता येत नाही. रोजचा घास पुढचा टप्पा चालण्यासाठी होता. वचन खाली ठेवल्यावर वाचकाला त्याच्या मागचे आणि पुढचे वाक्य वाचावेसे वाटले, तर त्या दिवसाचे वचन आपले काम करून गेले असे म्हणावे. तसे वाटले नाही, तर ते कितीही गोड असो, हनन्याच्या दोन वर्षांहून त्याची किंमत अधिक नाही.